टोकाकडची दोन बोटं जागा

बा, तुझा सुरा माझ्यासमोर टेबलावर पडला आहे आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला बसले तर आधी हात आठवतात, मग मिशी, आणि चेहरा येतो तो भलत्याच कुणाचा तरी. तू असताना मी तुझ्याशी भांडले नाही. खरं म्हणजे त्या उन्हाळ्यानंतर मी तुझ्याशी बोललेच नाही म्हण ना. भाकर वाढली आहे, पाणी गरम झालंय, माय बोलावते आहे, एवढंच काय ते आपलं बोलणं. ते बरोबर होतं की चूक, याचा काथ्याकूट मी इथे करणार नाही, आणि माफी मागायला तर मुळीच बसलेली नाही. जन्मभर शाळेत मुलांची उत्तरं तपासली. कोऱ्या सोडलेल्या उत्तराला मी कधी गुण दिले नाहीत, आणि तू तर सगळी उत्तरपत्रिकाच कोरी ठेवून गेलास. तरी आज तपासायला घेतली आहे.

नवं राज्य झालं त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याचं आपलं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडे आपली वस्ती. गावात कुणाचं जनावर मेलं की नाल्याच्या काठावरून हाक यायची, पड पडली म्हणून. मग तुम्ही दोघं-चौघं जायचात, ते धूड ओढत माळावर न्यायचात आणि तू कातडं काढायचास. खामगावचा कातड्यांचा व्यापारी दुसऱ्या कुणी काढलेलं कातडं उलटंपालटं करून पाहायचा, तुझं नुसतं घडी करून गाडीत टाकायचा. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्या कामाचा वास माझ्या केसांना यायचा, आणि शाळेत मला खिडकीजवळ बसवायचे ते काही वाऱ्यासाठी नव्हे. पुढे वस्तीनं दीक्षा घेतली, आणि दीक्षेनंतर पहिलीच बैठक झाली ती याच कामावर. आता पड ओढायची नाही, सोलायची नाही. कुणी पाया पडो, कुणी काठी उगारो, नाही म्हणजे नाही. आणि नुसतं तोंडानं म्हणून भागणार नाही, तर ज्याच्या घरात कातड्याचा सुरा असेल त्यानं तो आणून टाकायचा, आणि लोहाराकडून सगळ्यांचे विळे करून घ्यायचे.

विहार पुढे जिथे झाला त्या मोकळ्या जागेत सगळे जमले होते. एकेक जण येऊन सुरा टाकत होता. बायका बाजूला उभ्या राहून पाहत होत्या आणि काहींच्या डोळ्यांना पदर लागला होता. तू रिकाम्या हातानं आलास. पंचांतला सगळ्यात म्हातारा, ज्याला लहानथोर सगळे आजा म्हणायचे, त्यानं तुला सगळ्यांसमोर उभं केलं.

"काऊन बे, तुहा सुरा कोठी हाय?"

"घरी हाय."

"आनला काऊन नाई?"

"आजा, त्याचं पोलाद लय चांगलं हाय. माह्या बापानं नांदुऱ्याच्या टेसनावरून रेल्वेच्या डब्ब्याची कमान आनून घडवून घेतला. त्याचा इळा करनं म्हनजे निरी नासाडी."

"मंग ठेवून काय करशीन? उद्या पुन्हा पड सोलशीन?"

"नाई. मी त्याची धारच बदलतो. लाकडाचा सुरा करतो त्याचा. मंग माह्या मनात आलं तरी त्यानं कातडं निंघनार नाई."

लोक कुजबुजले. आजानं बोट तुझ्याकडे रोखलं. "शबुद देऊन राह्यला तू," तो म्हणाला, "समद्याइच्या मोरं. ध्यानात ठेवजो." तू मान हलवलीस. मला त्या वेळी वाटलं होतं की बाकीच्यांनी नुसता सुरा टाकला, माझा बाप तर सुऱ्याचा स्वभाव बदलणार आहे. पोरीला बापाचा गर्व वाटायला फार काही लागत नाही.

माय म्हणाली, कशाला ती जुनी ब्याद, बांबूच्या कामाला बाजारातून नवा आणा. म्हणून तू मला घेऊन खामगावच्या बाजाराला गेलास. मला कशाला नेलंस हे मी कधी विचारलं नाही. माझी नजर चांगली आहे असं तू म्हणायचास, आणि तुझी तोवर मंदावली होती. मोटारीत आपण मागच्या बाकावर बसलो आहोत, रस्ताभर सरकीच्या गाड्यांची धूळ आत येते आहे, आणि तू पाती कशी पाहायची ते हातवारे करून सांगतो आहेस. एरवी तू इतकं बोलायचा नाहीस.

बाजारात एकानं गोणपाटावर सुरे मांडले होते. पितळी मुठी, चकचकीत पाती. मी मुठी पाहायला लागले तर तू माझ्या हातावर चापट मारलीस. "मुठीनं काय कापनार हायस?" मग एक सुरा उचललास, टोक माझ्या नाकासमोर धरलंस आणि म्हणालास, "असं पाह्य. आडवं नको पाहू, आडवे समदे सारखेच दिसतात. टोकाकून पाह्य. पाठीपासून धारेवरी लोखंड कसं उतरते ते पाह्य." आणि मी पाहिलं. खरंच, प्रत्येकाचा उतार वेगळा होता. एक पाठीपासून थेट धारेपर्यंत सरळ उतरत गेलेला, केळीच्या पानासारखा पातळ. तो कातड्याचा, भाजीचा. एक बराच वेळ जाडजूड आणि अगदी धारेशी येऊन एकदम उतरलेला, तो लाकडाचा. एकाची दोन्ही अंगं कुऱ्हाडीसारखी फुगलेली. तो बांबू फोडायला चांगला, पण बारीक कामाला नाही. आणि बाकीचे सगळे फिरत्या चाकावर घासलेले, दोन्ही बाजूंनी गालफडं बसल्यासारखे आत गेलेले.

"हे आज दाढी करतीन आन् उद्या तुकडे पडतीन," तू म्हणालास.

दुकानदार वैतागला. "घ्याचा तं घ्या ना बुवा. पोरीले काय शाया शिकवून राह्यले अठी?"

"शायेतच हाय ते," तू म्हणालास आणि सुरा खाली ठेवलास. आपण सुरा न घेताच परतलो. घेतला तो एक खरबरीत कुरुंदाचा दगड. मोटारीत तो माझ्या मांडीवर होता आणि मला त्याचं ओझं वाटत नव्हतं.

मग तो हिवाळाभर चाललेला खटाटोप. पोलादाला पाणी दिलेलं, त्यामुळे कानस नुसती घसरायची, दगडच हवा. अंगणातल्या निंबाखाली तू उकिडवा बसलेला, मी लोट्यानं पाणी सोडते आहे, दगडावरून काळा गाळ वाहतो आहे. तेव्हा तू मला जे सांगितलंस ते मी पुढे गणिताच्या तासालासुद्धा मुलांना सांगितलं. पातळ पात्याला जाड करता येत नाही, लोखंड घासून कमी होतं, चिकटवता येत नाही. म्हणून धार मागे न्यायची. पातळ भाग घासून टाकत, टाकत, पाठीकडच्या जाड लोखंडापर्यंत मागे सरकायचं आणि तिथे नवा, आखूड, उभा उतार द्यायचा. कातड्यासाठी पुढे जे गोल पोट काढलेलं होतं तेही गेलं. चार बोटं रुंद पातं दोन बोटांवर आलं. माय चुलीजवळून ओरडायची, "घासून घासून सुई करता काय वो त्याची?" तू हसायचास. दर थोड्या वेळानं पातं माझ्या नाकासमोर धरायचास. "काय दिसते?" मी म्हणायचे, "अजून पातय हाय." आणि तू पुन्हा खाली वाकायचास. तुझी बोटं गाळानं काळी, नखं झिजलेली. मला वाटायचं, हा माणूस आपल्या हातांनी आपलं मागचं सगळं घासून काढतो आहे. शेवटचं टोकाचं काम तेवढं तू एकट्यानं केलंस. मी शाळेत होते. घरी आले तेव्हा सुरा तेल लावून, नवी बाभळीची मूठ बसवून खुंटीला टांगलेला होता.

आजानं पारख केली. जुन्या कातड्याचा एक तुकडा मागवला, सुऱ्याच्या धारेचा मधला भाग त्यावर आडवा फिरवला. कातडं कापलं जाईना, नुसतं चुरगळलं. मग तू एका फटक्यात हिरवा बांबू तोडून दाखवलास आणि लोक खूश झाले. आजा म्हणाला, "मानलं बे तुले." त्याच आयतवारी त्यानं मला पुढे बोलावलं. वस्तीत वाचता येणारी मी एकच पोरगी होते. तिथून पुढे दर आयतवारी मी सगळ्यांसमोर उभी राहून पेपर वाचायची, पुस्तक वाचायची. म्हातारे माना डोलवायचे. कुठे अडखळले तर आजाच म्हणायचा, "वाच माय, वाच, घाई नाई." तू मागे भिंतीला टेकून बसायचास आणि तुझ्याकडे न बघताही मला कळायचं की तू माझ्याकडेच बघतो आहेस. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते. पुढे नोकरी लागली, घर झालं, मुख्याध्यापिका झाले, पण तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

तू बांबूच्या कामावर जायला लागलास. तुझा सुरा तिथे मशहूर झाला. गावात जनावर मेलं की लोक दुसऱ्या गावाहून माणूस आणत, नाही तर शिव्या देत पुरत. आपल्याला शेतातलं काम कमी मिळायला लागलं, पण वस्ती हटली नाही. तो उन्हाळा आला तेव्हा मला वाटत होतं की आता हे असंच राहणार.

दुपार होती. पाटील स्वतः नाला ओलांडून चालत आला. त्याच्या जन्मात तो कधी वस्तीकडे आला नव्हता. जिच्यावर त्याचं सगळं नाव होतं त्या शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या, जोडीतला बैल गेला होता. बांबूच्या कूपाचा, म्हणजे जंगलातल्या तोडीचा, मुकादमही तोच, म्हणजे तुझं कामही त्याच्याच हाताखाली. पण त्यानं धमकी दिली नाही. धमकी दिली असती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. तो रडत होता.

"अबे, बाहीर ये," तो म्हणाला. तू गेलास. "माहा बैल गेला बे. तुह्या बापानं माह्या बापाच्या बैलाचं कातडं काढलं होतं. तेच आजवरी देवयातल्या नगाऱ्यावर होतं. ते फाटलं. आता याचं चढवतो. पाठीचं कातडं पायजे, बिनडागाचं. तुह्यासारखा हात ह्या मुलखात कोनाचा नाई. येवढं एक कर. पुन्हा नाई सांगत."

मी दारात होते. माय माझ्यामागे होती. मी मनात म्हणत होते, सांग ना त्याला. सुरा बदलला, मी बदललो, वस्ती बदलली, सांग. ज्या देवळाची पायरी आपल्याला चढता येत नाही, त्या देवळातल्या नगाऱ्याला कातडं मात्र आपल्या हातचं पाहिजे, हे मला त्या वयातही कळत होतं. आणि तू म्हणालास, "हाव मालक."

इतकंच. त्या दोन शब्दांवर मी किती वर्षं काढली आहेत, बा. माणूस भीतीनं वाकला तर समजतं, भुकेनं वाकला तर समजतं. तू कुणी गोड बोललं म्हणून वाकलास. तुझ्या कामाची स्तुती झाली आणि तुझा कणा गेला. खुंटीवरचा सुरा तू काढलास तेव्हा माय म्हणाली, "आवो, हा तं लाकडाचा हाय ना?" तू तो कमरेला खोचलास आणि निघालास. मी मागोमाग आले. तू मला परत पाठवलं नाहीस, एकदा मागे वळून पाहिलंस फक्त.

माळावर पाटलाची माणसं उभी होती, नाक धरून, लांब. नाल्याच्या काठावर आपली वस्ती जमली, तीही लांबच. दोन्हीकडच्या लोकांच्या मध्ये तू एकटा, माझ्याकडे पाठ करून बसलेला. मला तुझे खांदे हलताना दिसत होते. हे काम तू झरझर करायचास, त्या दिवशी ते संपता संपेना. शेवटी कातडं निघालं आणि पाटलाच्या माणसांनी ते बांबूवर घालून उभं धरलं, पाहायला. पाठीच्या मधोमध ऊन आरपार आलं. एक भोक नव्हे, ओळीनं भोकं. नगारा सोड, त्याची वहाण झाली नसती.

पाटलानं एका भोकात बोट घालून पाहिलं. मग तो म्हणाला, "तुहा हात गेला बे. पार गेला."

"सुरा आता लाकडाचा झाला मालक," तू म्हणालास.

पाटलाची माणसं हसली. नाल्याच्या काठावरचे आपले लोक हसले नाहीत, पण एकाएकानं पाठ फिरवली. ते मला हसण्याहून वाईट वाटलं. आपण घरी आलो. तू सुरा धुतलास, पुसलास, तेल लावून खुंटीला टांगलास, जसं काही बांबू तोडून आला होतास.

संध्याकाळी आजा आला. आत आला नाही, अंगणातच उभा राहिला. "शबुद देला होता तू," तो म्हणाला. "समद्याइच्या मोरं देला होता. बोल ना काई." तू खाली बघत राहिलास. आजानं वाट पाहिली. म्हातारा वाईट नव्हता रे, त्याला काहीतरी ऐकायचं होतं. एखादं वाक्य, कसलंही. मग तो माझ्याकडे वळला. "पोरी, आयतवारी तू आता नको येऊ वाचाले. दुसऱ्या कोनाले सांगतो." आवाज कडक नव्हता, थकलेला होता. तू तिथेच होतास, हाताच्या अंतरावर. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

पुढचं तुला माहीत आहे. कुणी आपल्या घरी बसायला येईना, विहिरीवर मायला बायका वाट द्यायच्या पण बोलायच्या नाहीत. मी खामगावला वसतिगृहात गेले ते शिकायच्या ओढीनं गेले असं लोक म्हणतात, मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या समारंभातही कुणी तसं बोललं. मी आयतवारला टाळायला गेले होते. आणि एक गंमत पाहा. त्या दिवसानंतर गावानं आपल्या वस्तीत पड सांगणं कायमचं सोडलं. वस्ती म्हणायची, आपण ठाम राहिलो म्हणून. पाटील म्हणायचा, यांच्या हातात आता काही राहिलं नाही म्हणून. वस्तीच्या ठामपणात तुला कुणी धरलं नाही. तू तापानं गेलास तेव्हा खांदा द्यायला लोक आले, ते रिवाज म्हणून आले.

माय गेल्यावर तिच्या पेटीत सुरा निघाला, तेलाच्या फडक्यात. मी तो इथे बुलढाण्याला घरी आणला आणि परसात वापरत आले. कढीपत्त्याच्या फांद्या, नारळाची शेंडी, असलं काही. कधी टोकाकडून पाहिला नाही. तुझं कुठलंच शिकवणं मला नको होतं. मागच्या आठवड्यात धार बोथट झाली म्हणून दगड काढला, चष्मा लावला, आणि सवयीनं, कशी कोण जाणे जिवंत राहिलेल्या सवयीनं, टोक नाकासमोर धरलं.

बा, टोकाकडची दोन बोटं जागा तू घासलीच नव्हतीस. मुठीपासून तिथवर उतार आखूड आणि उभा, तू सगळ्यांना दाखवलास तसाच. पण टोकाशी तोच जुना, पाठीपासून धारेपर्यंत सरळ पातळ उतरत गेलेला. कातड्याचा. आडवं पाहिलं तर काही कळत नाही. आजानं आडवं पाहिलं होतं. मी शाळेत होते.

मी सुरा आपटला टेबलावर. शेजारीण विचारायला आली, काय पडलं म्हणून. तर सगळ्यांसमोर शब्द देतानाच तू दोन बोटं राखून ठेवली होतीस! नवं टिकलं नाही तर जुनं असू द्यावं म्हणून. आम्ही सगळे नव्यात उडी घेतलेले आणि तू एक पाय काठावर ठेवून उभा. माझं मन त्या दिवशी इतकं कडू झालं की तुझा फोटो असता तर मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला असता. फोटो नाही म्हणून वाचलास.

मग दोन दिवसांनी भाजी चिरताना मधूनच आठवलं. मी लहान असताना तूच एकदा सांगितलं होतंस, की शिकाऊ माणूस कातडं खराब करतो ते पायांपाशी, बगलेत, मानेजवळ, जिथे ते घट्ट चिकटलेलं असतं. "पाठीवर तं सुरा लागतच नाई," तू म्हणाला होतास, "तठी मूठ घातली का आपोआप सुटते." मी विळीवरून उठले. तुझी भोकं पाठीवर होती. पायांपाशी, बगलेत, मानेजवळ एकही नव्हतं. ते कातडं मी उन्हात उभं पाहिलं आहे, मला ते आजही दिसतं. जिथे सुरा लागतच नाही तिथे तो ओळीनं लागला होता. आणि सुऱ्याला टोकाशी दोन बोटं अशी होती की तुझ्यासारख्यानं त्यावर असली सात कातडी बिनडागाची काढली असती. भोकं पडली नव्हती. तू पाडली होतीस. नगाऱ्याला पाहिजे होतं तेवढंच तू नासवलंस.

आता मी काय करू, सांग. तुझी पाठ थोपटू? तुला पाटलाच्या तोंडावर नाही म्हणता आलं नाही म्हणून तू ते बैलाच्या पाठीवर म्हणालास. बैलाला कळलं असेल. आम्हाला कुणाला कळलं नाही. आजा अंगणात उभा राहून वाट पाहत होता, त्याला एवढंच सांगायचं होतंस, "आजा, म्या मुद्दाम फाडलं." त्यानं तुला उचलून घेतलं असतं. लोकांनी तुझी मिरवणूक काढली असती. पाटलाच्या कानावर जाईल, बांबूचं काम जाईल, ही भीती होती का? मग मला सांगायचं. मला एकटीला. मी कुणाला बोलले नसते. आपल्या घरात दोन माणसं त्यानंतर इतकी वर्षं एका चुलीवरचं खात होती, आणि एकाला माहीत होतं की आपण वाकलो नाही, आणि दुसरीला वाटत होतं की बाप वाकला. हे तुला कसं पाहवलं? मायला माहीत होतं का? तिनं सुरा इतका जपून का ठेवला असेल? आता विचारायला तीही नाही.

आणि हे सगळं खरंच असेल असंही नाही. हात थरथरला असेल. घाम डोळ्यांत गेला असेल. इतके लोक पाहत असताना चांगल्या कारागिराचाही सुरा भलतीकडे जातो. कधी मला वाटतं मी म्हातारपणी स्वतःला बरं वाटावं म्हणून तुला बेतून घेते आहे. रागावून राहणं सोपं होतं, त्याची सवय झाली होती. तू मला तेही नीट करू दिलं नाहीस.

काल मी तुझाच तो कुरुंदाचा दगड घेऊन परसात बसले. तो आता मधून खोल झिजला आहे. लोट्यानं पाणी सोडायला कुणी नव्हतं, नळाची नळी लावली. टोकाकडची दोन बोटं जागा मी घासली, तू शिकवलं तसं, धार मागे नेत नेत. गुडघे दुखले, दोनदा उठावं लागलं. आता टोकाकडून पाहिलं तर मुठीपासून टोकापर्यंत एकच उतार दिसतो, आखूड आणि उभा. तू आजाला दिलेला शब्द पुरा झाला. तुझ्याविरुद्धचा पुरावा गेला, आणि तुझ्या बाजूचा होता तोही त्याच गाळाबरोबर वाहून गेला. बरं झालं. आता यावर कुणी काही सिद्ध करायला नको.

हे पत्र जायचं कुठेच नाही. सुऱ्याला तेल लावते आणि यातच गुंडाळून ठेवते. शाई पसरेल, पसरू दे.

एक मात्र सांगायचं राहिलं. घासायला बसण्याआधी मी त्या टोकानं एक पिकलेला टमाटा सोलून पाहिला होता. माझा हात थरथरतो, नजर अधू झाली आहे, असलं काम मी जन्मात कधी केलेलं नाही. साल एकसंध निघाली, खिडकीसमोर धरून पाहिली, एकही भोक नव्हतं.